शाळकरी खेळाडू आणि त्याचे चाहते

खेळास शाळेत स्थान असावे की नसावे, हा वाद आता जुना झाला. मुलाने संध्याकाळी मैदानावर घाम गाळला म्हणजे त्याचा अभ्यास बुडाला, असे मानणारे पालक अद्यापि आढळतात. परंतु त्यांची संख्या दिवसेंदिवस कमी होत आहे, आणि ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. तेव्हा आज आम्ही जे लिहिणार आहोत ते खेळाविरुद्ध नव्हे, आणि खेळाडूविरुद्ध तर नव्हेच नव्हे. आम्हांस बोलावयाचे आहे ते मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसांविषयी.

प्रेक्षक हा खेळाचा मित्र होय. तो सामना पाहतो, चांगल्या खेळास टाळी देतो, आपला संघ हरला तर थोडा हळहळतो आणि घरी जातो. हल्ली मात्र त्याच्या शेजारी दुसऱ्याच प्रकारचा मनुष्य येऊन उभा राहिला आहे. त्याचे लक्ष चेंडूकडे फारसे नसते. मुलाचे वय काय, उंची किती, त्यास कोणी पाहावयास आले होते काय, पुढील वर्षी तो कोणत्या शाळेत, कोणत्या कॉलेजात, कोणत्या संघात जाणार, एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे असते. सामना संपला म्हणजे त्याचे कुतूहल संपत नाही. उलट तेव्हाच ते खरे जागे होते. मुलगा पंधरा वर्षांचा, त्यास धड मिसरूड फुटलेले नाही, आणि त्याच्या भवितव्याची चर्चा चहाच्या टपरीवर आणि मोबाईलच्या पडद्यावर अशा लोकांत चालते की ज्यांस त्याच्या आईचे नावदेखील ठाऊक नसते.

ही रीत पूर्णावस्थेस पोहोचलेली पाहावयाची असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे ज्या खेळांत ती विशेष जोरात आहे त्यांपैकी एक बास्केटबॉल. आणि गंमत अशी की, हा खेळ जन्मास आला तो अगदी निराळ्या हेतूने. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ नावाचे एक तरुण शिक्षक होते. त्यांनी ईश्वरविद्येचा अभ्यास केलेला होता. बाहेर कडाक्याचा हिवाळा आणि आत कंटाळून दंगा करणारा अठरा विद्यार्थ्यांचा वर्ग. यांस गुंतवावे कसे, या विवंचनेत असता त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जास ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. वर्गाच्या नऊ-नऊ जणांच्या दोन तुकड्या केल्या. म्हणजे अठराच्या अठरा मुले खेळली. निवड अशी कोणाची झालीच नाही. एका शिक्षकाची ही युक्ती आम्हां शिक्षकांस अजून अभिमानास्पद वाटते.

आज त्याच देशात हायस्कुलात शिकणाऱ्या चांगल्या बास्केटबॉलपटूस कॉलेजे मागणी घालतात. ‘मागणी’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे, कारण सगळा प्रकार लग्न जुळविण्यासारखाच असतो, फक्त वऱ्हाडी अगणित. कॉलेजाचे प्रशिक्षक मुलाच्या घरी जाऊन आईबापांशी बोलतात, त्यास आपले मैदान व वसतिगृह दाखवावयास नेतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. येथवर तक्रारीस जागा नाही. गरीब घरच्या पुष्कळ मुलांस तेथे उच्च शिक्षणाचे दार याच वाटेने उघडले आहे. परंतु या मागणीभोवती चाहत्यांचा एक निराळाच बाजार उभा राहिला. शाळकरी मुलांस एकापासून पाचपर्यंत तारे देऊन त्यांची क्रमवारी लावण्याचा धंदा निघाला. आज कोणत्या प्रशिक्षकाने कोणत्या मुलास पत्र धाडिले, याच्या वार्ता पैसे भरून वाचणारे लोक निघाले. शेवटी निर्णयाच्या दिवशी मुलगा शाळेच्या सभागृहात टेबलापाशी बसतो, समोर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या असतात, कॅमेरे रोखलेले असतात, आणि तो त्यांतील एक टोपी उचलून डोक्यावर घालतो. ज्यांची टोपी टेबलावर पडून राहिली त्यांच्यांतील काही चाहते त्या घटकेपासून त्यास शिव्याशाप देऊ लागतात. शिव्या देणारा पन्नाशीचा गृहस्थ, आणि त्या खाणारा बारावीच्या वयाचा पोरगा!

ओहायो संस्थानातील अ‍ॅक्रन येथे सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरी नावाचे कॅथलिक हायस्कूल आहे. लेब्रॉन जेम्स तेथे शिकत असता, अवघ्या सतराव्या वर्षी, २००२ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. पाहावयास येणारी गर्दी शाळेच्या व्यायामशाळेत मावेना म्हणून सामने विद्यापीठाच्या प्रेक्षागारात भरवावे लागले. तो कॉलेजात गेलाच नाही; २००३ साली थेट धंदेवाईक संघात गेला आणि पुढे जगद्विख्यात झाला. लोक त्याचेच उदाहरण देतात, आणि तेथेच चुकतात. त्याची पाठ तो भार सोसण्याइतकी कणखर निघाली, म्हणून भार हलका होता असे सिद्ध होत नाही. २०२१ च्या जुलैपासून तेथील कॉलेजातील खेळाडूंस आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजे स्वतःच त्यांस पैसे देऊ लागली आहेत. ज्याच्या श्रमावर प्रेक्षागारे भरतात त्यास काही मिळावे, हे न्याय्यच आहे. परंतु यामुळे हायस्कुलातील मुलाभोवतीची बोली कमी होईल, अशी आशा कोणी करू नये.

आमच्याकडे बास्केटबॉल आला तोही मिशनरी व वाय. एम. सी. ए. यांच्याच हाताने. मुंबईतील नागपाड्याची गोष्ट या संबंधात सांगण्यासारखी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० नंतरच्या दशकात त्या गजबजलेल्या मजूरवस्तीत ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ ही संस्था काढली. पुढे टाटांची समाजकार्याची शाळा १९३६ साली निघाली, तिचे पहिले संचालक हेच गृहस्थ. नागपाड्यात मुले बास्केटबॉल खेळू लागली, आणि त्या गल्लीबोळांतून देशाच्या संघात जाणारे खेळाडू निघाले. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसिर हे तेथलेच. तेथेही गर्दी जमे, आरडाओरड होई. परंतु जमणारे लोक त्याच गल्लीतले. खेळाडू हरला तरी दुसऱ्या दिवशी पाव आणावयास तो त्याच दुकानात जाणार, हे त्यांस ठाऊक असे. शेजाऱ्याचे कौतुक आणि चाहत्याचे कौतुक यांत हाच फरक आम्हांस दिसतो.

तथापि आपल्या महाराष्ट्रात शाळकरी खेळाडूभोवती खरी झुंबड उडते ती क्रिकेटात. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. तेंडुलकर ३२६ आणि कांबळी ३४९, दोघेही नाबाद. तेव्हापासून शालेय सामन्यांच्या धावफलकांत ‘पुढचा कोण’ हे शोधण्याची जणू सवयच लोकांस जडली. सचिन आधी वांद्र्याच्या शाळेत होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो दादरच्या शारदाश्रमात गेला आणि शिवाजी पार्काजवळ काका-काकूंकडे राहू लागला, हे सर्वश्रुत आहे. कोणी आम्हांस विचारील की, खेळासाठी शाळा बदलणे तुम्हांस मान्य नाही, तर मग याचे काय? आमचे उत्तर असे की, ते शाळांतर योग्यच होते. ज्या गुरूपाशी शिकावयाचे त्याच्या मैदानाजवळ मुलगा गेला, आणि घरच्या माणसांच्या छायेत राहिला. आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रकारास, की जेथे शाळेस ढाल हवी असते म्हणून मुलगा उचलला जातो, आणि ढाल मिळाल्यावर अथवा न मिळाल्यावर त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

आता एक हकीकत आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत. २०१६ च्या जानेवारीत, ४ व ५ तारखेस, कल्याण येथे भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडात क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या मुलाने केलेला ६२८ धावांचा विक्रम शंभराहून अधिक वर्षे अबाधित होता, तो मोडला. दुसऱ्या दिवशी मैदानावर वार्ताहर आणि कॅमेरे यांची रीघ लागली. प्रणवचे वडील रिक्षा चालविणारे. मुंबई क्रिकेट संघटनेने मुलास दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांकरिता जाहीर केली, आणि हा आता मुंबईच्या संघात केव्हा जाणार, देशाच्या संघात केव्हा जाणार, याचे हिशेब घरोघर सुरू झाले.

त्या गर्दीत एक गोष्ट फार थोड्यांनी पाहिली. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेचा पहिला डाव ३१ धावांत आणि दुसरा ५२ धावांत आटोपला होता. प्रणवच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. म्हणजे दोन दिवस ऊन खात चेंडू आणून देणारी अकरा मुले त्या मैदानावर होतीच. त्यांच्यापैकी एकाचे नाव तरी आमच्या वाचकांस सांगता येईल काय? आम्हांसही येत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने ती अकरा मुलेदेखील त्या सामन्याचा भाग होत.

पुढे व्हावयाचे तेच झाले. हजार धावांनंतर मुलगा जेथे जाईल तेथे लोक हजाराचीच अपेक्षा करू लागले. तीस-चाळीस धावा करून बाद झाला म्हणजे हसू लागले. त्याचा खेळ मंदावला. तेव्हा २०१७ साली त्याच्या वडिलांनी आपण होऊन क्रिकेट संघटनेस पत्र लिहिले की, मुलगा सध्या अपेक्षेप्रमाणे खेळत नाही, सबब शिष्यवृत्ती थांबवावी. रिक्षा चालविणाऱ्या माणसास दरमहाचे दहा हजार म्हणजे काय, हे सांगावयास नको. या एका पत्राइतके थोर असे शालेय क्रिकेटाच्या सर्व विक्रमांत आम्हांस काही आढळत नाही. आणि ज्या लोकांनी जानेवारीत मुलास डोक्यावर घेतले होते, ते त्या वेळी कोठे होते? ते दुसऱ्या मुलाच्या मागे गेले होते. (तो इंग्लंडातील कॉलिन्स, त्याचेही थोडे सांगितले पाहिजे. तो प्रथम दर्जाच्या क्रिकेटात कधीच खेळला नाही. सैन्यात गेला आणि १९१४ च्या नोव्हेंबरात ईप्रच्या रणांगणावर पडला.)

विरारहून वांद्र्यास लोकलगाडीने ये-जा करणाऱ्या पृथ्वी शॉचीही कथा सर्वांस ठाऊक आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा, २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचे नेतृत्व, त्याच वर्षी राजकोटास पहिल्याच कसोटीत शतक. आणि २०२४ च्या नोव्हेंबरातील लिलावात त्याचे नाव पुकारले असता एकाही संघाने बोली लावली नाही. त्याच लिलावात बिहारचा तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी १ कोटी १० लाखांस घेतला गेला. त्याने २०२५ च्या एप्रिलात पस्तीस चेंडूंत शतक ठोकले, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु लिलाव हा शब्द आमच्या लहानपणी धान्याच्या बाजारात अथवा कर्जबाजाऱ्याच्या दाराशी ऐकू येई. सातवी-आठवीच्या वयाच्या मुलापुढे तो आता ऐकू येतो आणि कोणाचे कान टवकारत नाहीत, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

आमचा मराठवाडा या बाबतीत मागे होता, तो आता राहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे ३२ धावांत चार गडी बाद झाले असता बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या व उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी करून सामना फिरविला. दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकदालनात पहिला प्रश्न निघाला तो असा नव्हे की, बीडसारख्या गावी सरावाची साधने अपुरी असता हा मुलगा इतका स्थिर कसा खेळला. प्रश्न निघाला तो हा, की आता आयपीएलात कोणता संघ त्यास घेणार!

यंदा असाच प्रसंग आमच्या शाळेच्या अंगणात आला आहे, म्हणून हा लेखप्रपंच. आमच्या नववीच्या वर्गातील एक उंच मुलगा बास्केटबॉल बरा खेळतो. जिल्ह्याच्या स्पर्धेपासून त्याचे नाव झाले. तेव्हापासून सायंकाळी आमच्या मैदानाच्या भिंतीपाशी असे लोक दिसू लागले की ज्यांचे मूल या शाळेत नाही. कोणी त्याच्या खेळाचे व्हिडिओ काढून पसरवितो. कोणी त्यास एकटा गाठून ‘तू येथे वाया चाललास’ असे सांगतो. परगावच्या एका संस्थेने राहणे, जेवणे व फी सर्व आमच्याकडे, असा निरोप धाडिला आहे. उलट दिशेने, दहावीत दोन तयार खेळाडू बाहेरून आणून बसवा म्हणजे चषक आपलाच, असा सल्लाही आम्हांस हितचिंतकांकडून मिळाला. तो आम्ही मानिला नाही. आमच्या पटावर ज्यांची नावे पाचवीपासून आहेत त्यांस बाकावर बसवून मिळविलेला चषक कार्यालयाच्या कपाटात ठेवावयास आम्हांस लाज वाटेल.

त्या मुलाची आई आमच्याकडे विचारावयास आली. आम्ही तिला जाऊ देऊ नका असे सांगितले नाही. गरीब घरास खेळ ही एक शिडी आहे, हे नाकारणे पोट भरलेल्या माणसास सोपे असते. राज्यातील सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंस पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस, सैन्यदल चांगल्या खेळाडूंस घेतात. आमच्याच शहरात विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे. ही वाट खरी आहे. पण ती किती अरुंद आहे तेही सांगितले पाहिजे. पंजाबातील खेड्याचा सतनाम सिंग चौदा-पंधरा वर्षांचा असता अमेरिकेस शिकावयास गेला आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च बास्केटबॉल संघटनेच्या निवडीत ५२ व्या क्रमांकाने घेतला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. इतके होऊनही त्या संघटनेच्या मुख्य सामन्यात त्यास एकदाही उतरावयास मिळाले नाही. म्हणून आम्ही त्या बाईंस म्हणालो: ताई, जे न्यावयास आले आहेत त्यांस विचारा की, मुलाचा गुडघा दुखावला तर त्याचे औषधपाणी कोण करणार, आणि खेळता येईना झाले तर दहावीपर्यंत त्यास ठेवणार काय, त्यास गणित व इंग्रजी कोण व किती वाजता शिकविणार, यापूर्वी जी मुले त्यांनी नेली त्यांपैकी चार जणांच्या आईबापांशी तुमची गाठ घालून देतील काय. हे सर्व कागदावर मागा. बाई म्हणाल्या, “सर, ते तर फक्त त्याची उंची विचारत होते.”

पवित्र शास्त्रात निवडीचा एक प्रसंग आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या तासास ऐकलेला असेल. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडावयास आला. थोरला अलीयाब उंचापुरा, देखणा. संदेष्ट्यासही वाटले, हाच तो. पण एकामागून एक सात पुत्र समोरून गेले आणि निवड झाली ती रानात मेंढरे राखीत असलेल्या धाकट्या दाविदाची. येथवरची गोष्ट सर्वांस आठवते. पुढची सहसा कोणी सांगत नाही. तेलाने अभिषेक झाल्यावर दावीद राजवाड्यात जाऊन बसला नाही. त्यानंतर शौलाने त्यास बोलावणे धाडिले तेव्हा तो मेंढरांपाशीच होता. निवड झालेल्या पोरास पुन्हा आपल्या कामावर जाऊ देण्याचे शहाणपण त्या खेड्यातील लोकांस होते.

मुलांच्याच निवडीचा एवढा गाजावाजा होतो म्हणून आमच्या विद्यार्थिनींकरिता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. २०१७ च्या नोव्हेंबरात याच आपल्या शहरात एकोणीस वर्षांखालील मुलींचा मुंबई व सौराष्ट्र यांचा सामना झाला. त्यात सतरा वर्षांच्या जेमिमा रॉड्रिग्सने १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. ती हॉकीही खेळत असे. क्रिकेटाचे धडे तिला वडिलांनीच दिले. आपल्या गावी एका मुलीने द्विशतक केले, हे आमच्या वाचकांपैकी किती जणांस त्या दिवशी कळले? तिच्या मागे तेव्हा चाहत्यांचा मोठा घोळका नव्हता, आणि आम्हांस वाटते, त्यात तिचे काही बिघडले नाही. २०२५ च्या विश्वचषकात तिला मध्येच एका सामन्यास वगळण्यात आले; मनाची घालमेल इतकी होती की त्या दिवसांत आपण वारंवार रडत होतो, हे तिने पुढे स्वतःच सांगितले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा काढून उपांत्य सामना जिंकून दिला आणि सर्वांसमक्ष येशूचे आभार मानिले. त्या रात्री जे तिचे चाहते झाले त्यांनी आधीच्या आठवड्यात तिच्याविषयी काय लिहिले होते, तेही ज्याने त्याने आठवून पाहावे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, सामन्यास अवश्य यावे, आणि सबंध संघास टाळी द्यावी. आपल्या मुलाच्या वर्गातील खेळाडूची चित्रे त्याच्या आईबापांस न विचारता पसरवू नयेत. तो घरी आला तर त्यास पुढे कोठे जाणार असे विचारू नये. जेवलास काय, असे विचारावे. विद्यार्थ्यांनी तर याहून सोपे काम करावे. स्पर्धेमुळे त्याचे जे तास बुडतात त्यांच्या वह्या त्यास उतरवून घेण्यास द्याव्या. नववीच्या मुलांनी हे काम आपण होऊन वाटून घेतले आहे, आणि भूमितीची वही कोणाची घ्यावी यावरून त्यांच्यांत थोडे भांडणही झाले आहे.

तो मुलगा जाणार की राहणार, हे त्याचे वडील मे महिन्यात ठरवितील. शाळेच्या संघाचे छायाचित्र याच अंकात अन्यत्र आहे. त्याखालील नावे हजेरीपटाच्या क्रमाने छापावीत, असे आम्ही संपादकांस सुचविले होते. त्यांनी ते मान्य केले.